विटा त्याच, खोली वेगळी : मिनिमलिस्ट शिल्प आणि गॅलरीची जागा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आज सुरुवात विटांपासून करू या. १२० विटा. भट्टीच्या आतून लावतात ना, उष्णता सोसणाऱ्या, फिकट रंगाच्या, तशा. ६० विटांचा एक थर आणि त्यावर ६० विटांचा दुसरा. एका बाजूनं मोजल्या तर ६, दुसऱ्या बाजूनं १०. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या एकमेकींना लावून ठेवलेल्या. उंची ५ इंच, रुंदी सव्वादोन फूट, लांबी साडेसात फूट. झालं. एवढंच.

या रचनेचं नाव 'इक्विव्हॅलंट ८', म्हणजे 'समतुल्य, क्रमांक ८'. करणारा अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रे. लंडनच्या टेट गॅलरीनं ती १९७२ मध्ये विकत घेतली. काही वर्षं त्याबद्दल बाहेर फारसं कुणी बोललं नाही. मग १९७६ मध्ये या खरेदीची बातमी वर्तमानपत्रात आली आणि गदारोळ उडाला. लोकांच्या पैशातून विटा घेतल्या! व्यंगचित्रं आली, अग्रलेख आले. एक गृहस्थ तर गॅलरीत गेले आणि त्यांनी विटांवर निळा रंग ओतला.

आता, त्या चिडलेल्या लोकांना हसायची आपल्याकडे पद्धत आहे. 'त्यांना कला कळत नाही' म्हटलं की आपण सुटलो. मला तसं करायचं नाही. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता : याच विटा बांधकामाच्या जागी रचून ठेवलेल्या असत्या तर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मग गॅलरीत आल्यावर असं काय झालं?

माझं उत्तर असं आहे की विटांना काहीही झालं नाही. झालं ते खोलीला, आणि त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काही शिल्पकारांनी शिल्पाची हद्द वस्तूच्या कडेपासून उचलून खोलीच्या भिंतीपर्यंत नेली. हे त्यांनी कसं केलं आणि त्याची किंमत काय पडली, हा आजचा विषय.

चौथरा कशासाठी असतो?

आधी एक साधी गोष्ट. आपल्याला पुतळा म्हटलं की चौथरा आलाच. पुतळ्याचा चौथरा बांधायचा, मग पुतळा बसवायचा. चौथरा नुसता उंची देत नाही. तो एक रेघ ओढतो. रेघेच्या वर शिल्पाची जागा, रेघेच्या खाली आपली. वर घोडा उधळलेला असतो, तलवार उपसलेली असते, आणि खाली आपण शेंगा खात उभे असतो. दोन्ही जगांचा एकमेकांना उपद्रव नाही. चित्राला चौकट असते तसाच शिल्पाला चौथरा.

ही रेघ पुसावी असं वाटणारा मिनिमलिस्ट हा काही पहिला नव्हे. फ्रान्समध्ये रोदँनं 'कॅलेचे नागरिक' हे शिल्प केलं. शहर वाचवण्यासाठी शत्रूच्या स्वाधीन व्हायला निघालेली सहा माणसं. त्याची इच्छा होती की ही माणसं जवळजवळ जमिनीवरच उभी असावीत, रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पातळीवर. १८९५ मध्ये शिल्प बसवलं ते मात्र उंच चौथऱ्यावर. खाली आलं १९२४ मध्ये, रोदँ गेल्यानंतर सात वर्षांनी.

पुढे ब्रांकुशीनं चौथऱ्यालाच शिल्प करून टाकलं. रुमानियातला त्याचा 'अनंत स्तंभ' १९३८ चा. एकसारखे घटक एकावर एक रचत वर गेलेले. यातला चौथरा कुठला आणि मूर्ती कुठली, सांगताच येत नाही. हा स्तंभ लक्षात ठेवा, कारण आंद्रेनं त्याच्यापासूनच धडा घेतला. त्याचं म्हणणं साधारण असं, की मी ब्रांकुशीचा स्तंभ फक्त जमिनीवर आडवा केला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये 'प्रायमरी स्ट्रक्चर्स' नावाचं मोठं प्रदर्शन झालं. त्यात आंद्रेचं काम होतं, 'लीव्हर'. १३७ विटांची एक ओळ, भिंतीपासून निघून फरशीवरून सरळ पुढे गेलेली. कोरीवकाम नाही, जोडकाम नाही, चौथरा तर नाहीच.

चौथरा गेला, की शिल्पाखाली काय येतं? फरशी. आणि तुमच्या पायाखाली काय असतं? तीच फरशी. बस्स, रेघ पुसली गेली. आता तुम्ही आणि विटा एकाच जागेत आहात. तुम्हाला पाय सांभाळून चालावं लागतं. पुतळ्याजवळ तशी वेळ कधी येत नाही.

पाणी आणि बेटं

टेटमधली ती रचना क्रमांक ८ ची. म्हणजे आधीच्या सात होत्या. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या टिबोर द नाजी गॅलरीत आंद्रेनं आठही एकत्र मांडल्या होत्या. याचं गणित सोपं आणि सुंदर आहे. थरात ६० विटा. ६० चे आयत किती करता येतील? ३ गुणिले २०, ४ गुणिले १५, ५ गुणिले १२ आणि ६ गुणिले १०. प्रत्येक आयतात वीट लांबीनं लावायची की रुंदीनं, असे दोन पर्याय. चार दुणे आठ. आठही रचनांत विटा १२०, उंची तीच, घनफळ तेच. डोळ्यांना मात्र एक लांबलचक पट्टी दिसते, दुसरी जवळजवळ चौरस.

आदल्या वर्षी न्यू हॅम्पशायरमधल्या एका तळ्यात नाव वल्हवताना आंद्रेला वाटलं होतं, की शिल्प पाण्यासारखं सपाट असावं. आता ते प्रदर्शन डोळ्यांसमोर आणा. खोलीभर रिकामी फरशी आणि तिच्यावर आठ बुटकी बेटं. तुम्ही दारातून आत पाऊल टाकलंत की त्या पाण्यात उतरलात. बेटांच्या मधून वाट काढायची. बेटाइतकंच महत्त्व मधल्या पाण्याला.

हे मी ओढूनताणून सांगतोय असं वाटत असेल तर पुढचं ऐका. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ड्वान गॅलरीत त्यानं हाच खेळ उलटा केला. सगळी फरशी काँक्रीटच्या ठोकळ्यांनी भरून टाकली आणि त्यात आठ आयत मोकळे सोडले. त्याच आठ रचनांच्या आकाराचे. काम होतं '८ कट्स'. लोक ठोकळ्यांवरून चालत होते आणि बघत होते ते खड्डे. आधी विटा होत्या तिथं आता पोकळी, आणि आधी पोकळी होती तिथं आता ठोकळे.

आता क्रमांक ८ कडे परत या. टेटनं आठांतली एक घेतली. ती एकटीच खोलीत ठेवली, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिचा एकटीचा फोटो वर्तमानपत्रात छापला, की उरतात फक्त विटा. 'समतुल्य' कशाशी, तेच दिसत नाही. मला वाटतं, १९७६ च्या रागातला बराचसा भाग इथून आलेला आहे. आठ जणींच्या संवादातलं एक वाक्य उचलून लोकांसमोर ठेवलं, आणि लोक म्हणाले, यात काही अर्थ नाही. बरोबरच होतं त्यांचं.

राखाडी प्लायवूड आणि चालणारा माणूस

आता दुसरा शिल्पकार, रॉबर्ट मॉरिस. हा माणूस नृत्य करणाऱ्या मंडळींमध्ये वावरलेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं रंगमंचावर एक प्रयोग केला. पडदा उघडतो, मंचावर आठ फुटी राखाडी खांब उभा. साडेतीन मिनिटं तो तसाच उभा. मग धाडकन आडवा होतो आणि पुढची साडेतीन मिनिटं पडून राहतो. प्रयोग संपला. मूळ बेत असा होता, की मॉरिसनं स्वतः खांबाच्या आत उभं राहून पडायचं. पण तालमीत त्याला लागलं, म्हणून शेवटी दोरीनं ओढून पाडला.

हसू येतं, पण बघा, खांब तोच. उभा असताना तो एक असतो, आडवा झाल्यावर दुसराच. आपलं शरीर हा फरक लगेच ओळखतं, कारण उभं राहणं आणि आडवं पडणं म्हणजे काय हे आपण शरीरानंच शिकलेलो आहोत.

१९६४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीन गॅलरीत मॉरिसचं प्रदर्शन लागलं. प्लायवूडचे मोठे साधे आकार, सगळ्यांना एकच राखाडी रंग. एक तिरपा आकार खोलीच्या कोपऱ्यात नेमका बसवलेला. एक सपाट ठोकळा छतापासून टांगलेला. एक तुळई फरशीवर पसरलेली. यातला एकेक आकार नुसता पाहिला तर सुताराकडची पेटी वाटेल. पण कोपऱ्यातल्या आकारानं कोपरा दिसायला लागतो. टांगलेल्या ठोकळ्यानं छत आणि फरशी यांच्यातलं अंतर जाणवतं. आपण आयुष्यभर खोल्यांमध्ये राहतो, पण कोपऱ्याकडे कधी बघतो का? जाळी काढायची असतील तेव्हाच.

पुढच्या वर्षीचं त्याचं काम म्हणजे इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराच्या तीन तुळया. प्रत्येक हात आठ फुटांचा, जाडी दोन फूट. तिन्ही तंतोतंत सारख्या. एक उभी बसल्यासारखी, एक आडवी पडलेली आणि एक दोन टोकांवर टेकून कमानीसारखी. तुम्हाला पक्कं ठाऊक असतं की तिन्ही एकच आहेत. तरी तशा दिसत नाहीत. पडलेली जड वाटते, टोकांवर उभी असलेली हलकी. त्यांच्याभोवती चालायला लागा, दर पावलागणिक त्या बदलतात.

घरी गेल्यावर एक प्रयोग करा. एकाच मापाची तीन खोकी घ्या, बुटांची चालतील. एक उभं, एक आडवं, एक कुशीवर ठेवा. लांबून पहा, मग जमिनीवर बसून पहा. मन म्हणतं 'सारखी', शरीर म्हणतं 'वेगळी'. मॉरिसचं सगळं शिल्प या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत आहे. आणि ही फट खोक्यात नसते. ती खोकं, खोली आणि तुम्ही, तिघं एकत्र आलात तरच तयार होते.

यात मापाला फार महत्त्व. टोनी स्मिथचा 'डाय' नावाचा पोलादी घन १९६२ चा. सहा फूट लांब, सहा रुंद, सहा उंच. स्मिथनं तो वेल्डिंगच्या कारखान्याला फोनवर माप सांगून करवून घेतला. सहा फूटच का? त्याचं उत्तर असं, की याहून मोठा असता तर ते स्मारक झालं असतं, लहान असता तर एक वस्तू. सहा फुटांचा घन तुमच्याएवढाच असतो. तुम्ही त्याच्या वरून पाहू शकत नाही, आणि तो तुम्हाला दबवूनही टाकत नाही. समोर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं.

छताची उंची आणि ट्यूबलाइटचा उजेड

तिसरा डोनाल्ड जड. हा समीक्षकही होता. १९६५ मध्ये 'स्पेसिफिक ऑब्जेक्ट्स' हा त्याचा गाजलेला लेख आला. त्याचा मुद्दा असा, की सध्याचं चांगलं काम चित्रही नाही आणि शिल्पही नाही. चित्रात खोलीचा भास करावा लागतो. खरी जागा समोर असताना भास कशाला? तीन मितींमध्ये काम करा, भास आपोआप संपतो. जाता जाता सांगतो, 'मिनिमलिझम' हे नाव समीक्षकांनी चिकटवलं. या मंडळींना ते आवडत नसे, जडला तर मुळीच नाही.

जडच्या 'रास' म्हणता येतील अशा कामांचं उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे मोमात, १९६७ ची एक आहे. पत्र्याच्या १२ पेट्या भिंतीवर एकीच्या वर एक. प्रत्येक पेटी ९ इंच उंच आणि दोन पेट्यांमधलं अंतरही ९ इंच. पत्रा आणि पोकळी, दोघांना समान वाटा. हिशेब करा. १२ पेट्यांचे १०८ इंच आणि मधल्या ११ पोकळ्यांचे ९९. झाले २०७ इंच, म्हणजे सव्वासतरा फूट. आपल्या फ्लॅटचं छत असतं दहा फुटांच्या आसपास. तिथं जेमतेम सहा पेट्या बसतील.

जड अशा राशीत बहुतेक वेळा दहा पेट्या ठेवी, पण छत बुटकं असेल तर कमी. म्हणजे काय झालं? शिल्प किती मोठं असेल हे खोली ठरवते. आणि उलटं, आपण शिल्पाकडे पाहता पाहता खोलीची उंची मोजायला लागतो. नऊ इंचांची पट्टीच भिंतीवर लावलेली असते ना!

चौथा डॅन फ्लेविन. याचं साहित्य तुमच्या-माझ्या घरातलं, ट्यूबलाइट. दुकानात मिळते तीच, ठरलेल्या लांबीची. २५ मे १९६३ या दिवशी त्यानं आठ फुटांची एक पिवळी ट्यूब भिंतीवर ४५ अंशांत तिरकी लावली आणि तिला त्या तारखेचंच नाव दिलं. अर्पण कुणाला केली असेल? ब्रांकुशीला. तोच अनंत स्तंभवाला.

फ्लेविनच्या कामापाशी मला विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला आवडतो : हे शिल्प कुठे संपतं? ट्यूबच्या काचेपाशी? मग भिंतीवर पसरलेला पिवळा उजेड कोणाचा? फरशीवरचं प्रतिबिंब कोणाचं? तुमच्या पांढऱ्या शर्टावर पडलेला रंग कोणाचा? १९६६ मध्ये हॉलंडमधल्या आइंडहोव्हेनच्या संग्रहालयासाठी त्यानं हिरव्या ट्यूबांची दोन कुंपणं एकमेकांना छेदतील अशी उभी केली. वाटच अडवली. उजेड सगळीकडे जातोय आणि तुम्हाला मात्र जाता येत नाही. इथं खोली हेच शिल्पाचं अंग झालं.

विरोधकानं केलेलं अचूक वर्णन

या सगळ्याला सगळ्यात धारदार विरोध केला मायकेल फ्रीड या समीक्षकानं. १९६७ च्या जूनमध्ये 'आर्टफोरम' मासिकात त्याचा लेख आला. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. खरी कलाकृती स्वतःत पूर्ण असते. तुम्ही समोर असा-नसा, तिला फरक पडत नाही. या पेट्या आणि तुळया मात्र तुमची वाट पाहत खोलीत उभ्या असतात. तुम्ही आलात की त्यांचा प्रयोग सुरू होतो. हे शिल्प नव्हे, नाटक आहे.

मॉरिसचा तो मंचावरचा खांब आठवा. फ्रीड चुकीचं बोलत होता असं म्हणता येईल का? मला तरी नाही येत. त्यानं जे दोष म्हणून सांगितलं ते त्या शिल्पकारांचं उद्दिष्टच होतं. वस्तू एकटी पुरी पडत नाही, तिला खोली लागते आणि चालणारा माणूस लागतो. विरोधकानं मित्रांपेक्षा अचूक ओळखलं, असं कधीकधी होतं.

पांढरी खोली निर्दोष असते का?

इथपर्यंत ऐकून असं वाटेल की वा, काय उदार शिल्प आहे, आपल्याला सामावून घेतं. आता नाण्याची दुसरी बाजू.

हे शिल्प खोलीवर अवलंबून आहे. मग ती खोली कोणती? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सलोंमध्ये चित्रं फरशीपासून छतापर्यंत, चौकटीला चौकट लावून टांगत. त्या खोलीत जडची रास लावून पहा. दिसणारच नाही. तिला हवी असते पांढरी, मोकळी, बहुधा बिनखिडक्यांची खोली. वरून सारखा उजेड आणि खाली गुळगुळीत फरशी. ब्रायन ओ'डोहर्टी या कलावंत-लेखकानं १९७६ मध्ये, म्हणजे टेटच्या गदारोळाच्याच वर्षी, या पांढऱ्या खोलीवर लेखमाला लिहिली. त्यानं दाखवून दिलं, की ही खोली तटस्थ नाही. ती बाहेरचं जग, हवा, वेळ सगळं बाहेर ठेवते आणि आत आलेल्या कुठल्याही वस्तूला एक वजन देते. आग विझवायचा पाइपसुद्धा तिथं कलाकृतीसारखा दिसायला लागतो.

म्हणजे विटांना जे वजन मिळालं त्यातलं थोडं खोलीनं उसनं दिलेलं आहे. आणि खोली फुकट नसते. मोठ्या शहरात सतरा फूट उंचीची रिकामी जागा कोणाकडे असते? संग्रहालयाकडे, श्रीमंत गॅलरीकडे. साहित्य साधं, कारखान्यातलं, पण ते दाखवायला लागणारा रिकामेपणा अतिशय महाग. ही या शिल्पाची न सुटलेली गाठ आहे, आणि ती झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

जडनं ही गाठ आपल्या परीनं सोडवायचा प्रयत्न केला. महिनाभराची प्रदर्शनं, घाईत लावलेली कामं, हलवाहलवीत पडलेले पोचे, याला तो वैतागला होता. सत्तरच्या दशकात तो टेक्सासच्या पश्चिमेला मार्फा नावाच्या छोट्या गावात गेला. तिथं लष्कराचा जुना तळ होता. त्यातल्या तोफखान्याच्या दोन शेडमध्ये त्यानं १९८२ ते १९८६ या काळात ॲल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडल्या. बाहेरून सगळ्यांचं माप एकच, ४१ गुणिले ५१ गुणिले ७२ इंच. आतली विभागणी मात्र प्रत्येकीची निराळी. आंद्रेच्या आठ रचनांचं गणित इथं शंभरावर गेलं. आणि मुख्य म्हणजे, भिंतींना त्यानं मोठमोठ्या काचा बसवल्या. पांढऱ्या खोलीनं हाकललेलं ऊन परत आत आलं. सकाळी एक पेटी चमकते, दुपारी तीच मंद होते, संध्याकाळी बाहेरचं माळरान तिच्यात दिसतं. इथं शिल्प आणि खोली कायमची एकमेकांची झाली.

उत्तर सुंदर आहे, पण ते बघायला वाळवंटापर्यंत जावं लागतं, हेही खरंच.

आणि खोली सगळ्यांची असेल तर?

शेवटचं उदाहरण गॅलरीच्या बाहेरचं. रिचर्ड सेरा पुढच्या पिढीचा, त्याला काटेकोरपणे मिनिमलिस्ट म्हणता येणार नाही, पण खोलीचा हा धडा त्यानं चौकात नेला. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये, सरकारी कचेऱ्यांसमोर, त्याचं 'टिल्टेड आर्क' उभं राहिलं. १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली गंजक्या पोलादाची भिंत. चौकाच्या मधोमध.

सेराचा हेतू हाच, की चौक ओलांडताना माणसाला आपण चालतोय याची जाणीव व्हावी. झाली की! कचेरीत जाणाऱ्यांना रोज वळसा पडायला लागला. गॅलरीत वळसा घालायला आपण मुद्दाम जातो. इथं माणसं कामाला निघालेली होती. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले. त्यातले १२२ म्हणाले ठेवा, ५८ म्हणाले काढा. तरी काढायचा निर्णय झाला. सेराचं म्हणणं होतं, की हे काम या जागेसाठी केलेलं आहे, ते हलवणं म्हणजे नष्ट करणं. १९८९ च्या मार्चमध्ये रात्रीतून ते कापून नेलं.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शिल्प जागेपासून तोडलं की मरतं, हे आज आपण तासभर ऐकलं. पण जागा शिल्पाइतकीच तिथून रोज जाणाऱ्याचीही असते. गॅलरीच्या दारातून आत जाताना आपण एक संमती देतो : 'आता थोडा वेळ माझ्या चालण्याशी खेळा.' चौकात ती संमती कुणी विचारली नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी अशा एखाद्या खोलीत गेलात तर 'याचा अर्थ काय' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. दारात थांबा. कुठे वळावंसं वाटतं ते बघा. एक फेरी मारा. छत किती उंच आहे, उजेड कुठून येतो, पाय कुठे अडखळतात, हे पहा. आणि बाहेर पडताना, ही खोली कोणाची आणि तिचा खर्च कोण करतं, हेही विचारा. एवढं केलंत की १२० विटांनी त्यांचं काम केलं असं समजा.

प्रश्नोत्तरं

*उद्या मीही घरात १२० विटा रचल्या, तर ती कलाकृती होईल का?*

जरूर रचा, मी तर आग्रहच करीन. आंद्रेचं काम म्हणून ते विकता येणार नाही एवढंच. गंमत म्हणजे १९६६ च्या प्रदर्शनात विटा विकल्या गेल्या नाहीत तेव्हा आंद्रेनं त्या परत कारखान्यात दिल्या होत्या. पुढे परत करायची वेळ आली तोवर तो कारखाना बंद पडला होता, म्हणून त्यानं दुसऱ्या प्रकारच्या विटा वापरल्या. टेटमध्ये आहेत त्या या दुसऱ्या. म्हणजे 'अस्सल वीट' असं काही नव्हतंच, रचना महत्त्वाची होती. तुम्ही रचलीत तर त्याची कल्पना तुम्हाला पायांनी समजेल. शोध मात्र त्याचाच राहील.

*आम्ही हे सगळं फोटोंतच पाहतो. फोटोत ते इतकं कोरडं का वाटतं?*

कारण फोटोत तुम्ही नसता. कॅमेरा एका जागी उभा राहतो, आणि इथं तर चालण्यालाच महत्त्व. त्यातून असे फोटो बहुधा माणसं नसलेल्या खोलीत काढतात, त्यामुळे मापही कळत नाही. एक युक्ती सांगतो. माप वाचा आणि आपल्या घराच्या फरशीवर खडूनं आखा. साडेसात फूट बाय सव्वादोन फूट. त्याच्या बाजूला उभे राहा. फोटोपेक्षा जास्त कळेल.

*तुम्ही घेतलेली सगळी नावं पुरुषांची आहेत.*

बरोबर पकडलंत, आणि हा दोष माझ्या भाषणात आहे तसा त्या काळातही होता. ॲन ट्रुइटचे रंगवलेले लाकडी आकार न्यूयॉर्कमध्ये १९६३ लाच दिसले होते, म्हणजे मॉरिसच्या राखाडी प्लायवूडच्या प्रदर्शनाआधी. 'प्रायमरी स्ट्रक्चर्स'मध्ये जुडी शिकागोचं 'रेनबो पिकेट' होतं, भिंतीला टेकवलेले सहा रंगीत खांब, क्रमानं लहान होत गेलेले. त्यात रंगांचा आनंद आहे, राखाडी गांभीर्य नाही. १९९० मध्ये ॲना चेव्ह या अभ्यासिकेनं एका लेखात थेट विचारलं, की ही पोलादी, चकचकीत, वाट अडवणारी भाषा सत्तेची भाषा नाही का? सेराच्या चौकाबद्दल बोलताना मला तोच प्रश्न आठवत होता. खोलीत जागा कोण व्यापतं, याचं उत्तर शिल्पांपुरतं कधीच नसतं.